उतरवलेलं घर, पाडलेली इमारत

२ ऑक्टोबर २०२२, रात्रीचा एक. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडायचा म्हणून महामार्गावरची वाहतूक अडवलेली. पुलाला भोकं पाडून त्यांत सुमारे ६०० किलो स्फोटकं ठासलेली. ठरल्या वेळी बार उडाला, धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली आणि पाहतात तो काय, पूल बऱ्यापैकी जागेवरच! काँक्रीट फुटून निखळलं होतं, पण सळ्यांचा पिंजरा हटायला तयार नव्हता. मग पोकलेन आणि ब्रेकर लावून उरलेला पूल खाली घ्यावा लागला. धरलं होतं त्यापेक्षा लोखंड जास्त निघालं, असं नंतर सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. जुन्या इंजिनियरांचं कौतुक झालं, नव्या पुलांना टोमणे बसले. पाडकाम नवख्या लोकांकडे नव्हतं. त्याच मंडळींनी पाचच आठवड्यांपूर्वी, २८ ऑगस्टला, नोएडाचे दोन टोलेजंग मनोरे ३,७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत जमिनीला टेकवले होते. मला हसू आलं ते वेगळ्या गोष्टीचं. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पुलाच्या पोटात किती लोखंड आहे, हे कळायला तो फोडावा लागतो. माणसाचं पोट उघडण्याआधी डॉक्टर सोनोग्राफी तरी करतो.

बांधकामाच्या राडारोड्याचा विषय निघाला की बोलणं लगेच कचऱ्याच्या गाड्यांवर आणि खाडीतल्या भरावावर जातं. ते बरोबरच आहे, त्याकडे येऊच. पण चार-सहा महिने या विषयामागे हिंडल्यावर माझी खात्री झाली आहे की राडारोडा डंपरमध्ये भरला जातो तेव्हा उशीर झालेला असतो. कुठल्या इमारतीत काय आहे याची नोंद नसते, म्हणून त्या मालाचा कचरा होतो. ही नोंद ठेवणं हे या विषयातलं संगणकाचं खरं काम आहे. गाडीच्या मागे धावणं हे त्याचं दुय्यम काम.

नोंद अजिबात नसते असंही नाही. ती तोडकामाच्या ठेकेदाराच्या डोक्यात असते. हा माणूस इमारतीत शिरतो तो वर बघत. जिन्याचा कठडा बिडाचा की पत्र्याचा, माळ्याखाली सागवानी तुळया की लोखंडी गर्डर, चौकटी कशाच्या, लादी कुठली, तांब्याची वायर किती मीटर, हे तो तासाभरात मनाशी मांडतो. कुठे नखानं लाकूड टोकरतो, कुठे हातोडीनं गिलावा उडवून वीट बघतो. मग आकडा सांगतो. शहराबाहेरच्या वाचकांना नवल वाटेल, पण चांगला माल असलेल्या जुन्या इमारतीत ठेकेदारच मालकाला पैसे देतो, पाडण्याचे घेत नाही. नोएडाच्या मनोऱ्यांतसुद्धा हिशेब हाच होता. पाडण्याच्या खर्चातला मोठा वाटा लोखंड आणि भंगार विकून भागवायचा, हे तेव्हा जाहीरच झालं होतं.

मुंबईत हा माल जातो ओशिवऱ्याला, दारूखान्याला, रे रोडच्या बाजूला. ओशिवऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडताना गिरगावातल्या, भायखळ्यातल्या घरांचे अवयव ओळीनं उभे दिसतात. शिसवी खुर्च्या आणि झुंबरं बघायला येणारे वेगळे, मागच्या बाजूला वासे, तुळया, खिडक्यांच्या झडपा चाचपणारे वेगळे. ब्रह्मदेशातून आलेलं सागवान शंभर वर्षं वाऱ्यापावसात मुरलं आहे, आता ते वाकायचं नाही की तडकायचं नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द या गल्ल्यांत कुणी ऐकलेला नाही. ती मात्र इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि आता व्हॉट्सॲपवरही. ठेकेदारांच्या ग्रुपवर दाराचा फोटो पडतो, खाली माप आणि भाव, संध्याकाळी टेम्पो हजर. डिजिटल बाजारपेठ वगैरे जे म्हणतात ते हेच, फक्त त्यावर कुणी परिसंवाद घेतलेला नाही.

आमच्या कोकणात 'घर पाडलं' असं सहसा म्हणत नसत. घर उतरवलं. माझ्या आजोळचं घर उतरवलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आधी कौलं हातोहात खाली आली आणि आंब्याखाली चळत लावून ठेवली गेली. मग सुतारानं प्रत्येक वाशावर आणि तुळईवर गेरूनं खुणा केल्या, कुठली कुणाच्या शेजारची, कुठलं टोक कुठे बसतं. चिरे सुटे केले. पुढच्या मोसमात दोनशे हात अलीकडे नवं घर उभं राहिलं, त्यात तीच लाकडं, बरेचसे तेच चिरे. त्या गेरूच्या खुणा माजघरात वर पाहिलं की कितीतरी वर्षं दिसत. आज युरोपात इमारतीतल्या मालाच्या ज्या नोंदीला मटेरियल पासपोर्ट म्हणतात, तिचं वर्णन वाचताना मला तो गेरूच आठवतो.

पण सुताराला एक सोय होती. ते घर सुटं होण्यासारखंच बांधलेलं होतं. लाकूड लाकडात खाचेनं बसवलेलं, वीट असलीच तर चुन्यात. चुन्यातली वीट हातोडीच्या चार टोल्यांत मोकळी होते, साफ होते, पुन्हा लागते. सिमेंटनं हे नातं बदललं. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे सांधा सुटायच्या आत वीट फुटते. कोपनहेगनमध्ये 'रिसोर्स रोज' नावाची घरांची वसाहत बांधताना वास्तुविशारद लेंडायर यांच्या चमूला नेमकी हीच अडचण आली. कार्ल्सबर्गच्या जुन्या बिअर कारखान्याच्या भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या होत्या. वीट सुटेना, तेव्हा त्यांनी भिंतीचेच मीटरभर लांबीरुंदीचे चौकोन करवतीनं कापले आणि गोधडी शिवावी तसे नव्या घरांच्या दर्शनी बाजूला जोडले. इमारत सुंदर दिसते. मात्र एक वीट वाचवायला करवत आणि क्रेन लागली, हेही लक्षात ठेवायचं.

आता आकड्यांकडे. भारतात वर्षाला बांधकाम आणि पाडकामाचा राडारोडा किती निघतो? 'टायफॅक' या सरकारी संस्थेनं २००१ मध्ये सांगितलं सव्वा ते दीड कोटी टनांच्या आसपास. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०१३ मध्ये हिशेब मांडला ५३ कोटी टनांचा. नंतर १५ कोटी टन हा आकडा रूढ झाला, आणि त्यातला जेमतेम एक टक्का पुन्हा वापरात येतो असं त्याच सेंटरनं २०२० मध्ये लिहिलं. दीड कोटी आणि ५३ कोटी! घरातल्या माणसांची संख्या विचारल्यावर कुणी 'चार असतील किंवा एकशे चाळीस' असं सांगावं, तसं हे झालं. यातला कुणीही खोटं बोलत नाही. कुणी मोजलेलंच नाही, सगळे बांधकामाच्या क्षेत्रफळावरून गुणाकार करतात. आणि दुसऱ्या टोकाला जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी उपसली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. नदीतून काढायची, भिंतीत घालायची, भिंत पाडून खाडीत टाकायची.

मुंबईला खाडीची किंमत न्यायालयानं शिकवली. देवनारच्या क्षेपणभूमीला आगी लागल्या, आणि २०१६ च्या फेब्रुवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. दोन वर्षं बिल्डर हवालदिल होते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलासा दिला तो अटीवर. राडारोडा कुठे टाकणार ती जागा आधी दाखवा, मग बांधा. बंदी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात केंद्राचे बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम आले होते. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्यानं काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असं वेगळं करायचं, असं त्यात लिहिलं होतं. साइटवर जाऊन पाहिलं तर लोखंड आणि लाकूड चोख वेगळं केलेलं दिसतं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. बाकीचे तीन ढीग एकच असतात.

महापालिकेनं आता दोन ठिकाणी प्रक्रिया केंद्रं उभी केली आहेत, शिळफाट्याजवळ डायघरला आणि दहिसरला. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टन. 'डेब्रिज ऑन कॉल' म्हणून सेवा आहे, न्हाणीघर फोडलं तर फोन करून गाडी मागवता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली तेव्हा पालिकेनं धूळ आवरण्याची लांबलचक नियमावली काढली. त्यात साइटभोवतीचे उंच पत्रे, चाकं धुण्याची सोय, झाकलेले डंपर आणि त्या डंपरवर माग ठेवणारी यंत्रणाही आली.

ही मागाची यंत्रणा कामाची आहे, तिची थट्टा करू नये. निघताना वजनकाट्यावर आकडा, पोचल्यावर दुसऱ्या काट्यावर आकडा, मधला रस्ता नकाशावर. गाडी ठरलेला रस्ता सोडून भरतीच्या पाण्याकडे वळली की पडद्यावर लाल खूण. तिवरांच्या कडेला रात्री दोन वाजता रिकामा होणारा डंपर पकडायला याहून स्वस्त पहारेकरी मिळणार नाही. दक्षिण कोरियात आणि जपानमध्ये कचऱ्याच्या खेपेची चिठ्ठी अशी संगणकावरून फिरते, ती कित्येक वर्षांपासून. आपल्याकडे वाळू-खडीच्या गाडीला 'महाखनिज' प्रणालीचा पास लागतोच. तलाठी कार्यालयात चार दिवस घालवलेल्या कुणालाही विचारा, त्या पासांभोवती काय काय युक्त्या रचल्या जातात. मागाचं यंत्र एका गाडीला बसवता येतं, तसं काढून दुसऱ्या गाडीलाही बसवता येतं.

पण युक्त्या एक वेळ बाजूला ठेवू. समजा सगळ्या गाड्या प्रामाणिकपणे डायघरला पोचल्या. तिथे काय उतरतं? काँक्रीट, विटा, माती, जिप्समचे पत्रे, थर्माकोल, कधी ॲस्बेस्टॉसचे तुकडे, सगळं एकत्र कुस्करलेलं. यंत्र ते चाळतं, धुतं, दळतं आणि त्यातून निघतो पेव्हर ब्लॉक, भरावाची खडी, बारीक कच. फिनलंडच्या झेनरोबोटिक्स कंपनीनं या ढिगातून लाकूड, दगड, धातू वेचणारे यांत्रिक हात बनवले आहेत. कॅमेरा बघतो, संगणक ओळखतो, हात उचलतो. बघायला गंमत वाटते. मात्र जे चौथ्या मजल्यावर वेगळं होतं, ते कालवून, ट्रकमध्ये भरून, पुन्हा रोबोकडून वेगळं करून घ्यायचं, यात आपलं काहीतरी चुकतंय असं त्या पट्ट्याकडे पाहताना वाटत राहतं. खिचडीतून डाळ निवडायला हुशार यंत्र आणलं तरी आधी खिचडी कुणी केली?

नेदरलँड्समध्ये राडारोड्याचा जवळजवळ सगळा भाग पुन्हा वापरला जातो, आणि तरी तिथल्याच जाणत्यांची तक्रार आहे की त्यातला बहुतेक माल दळून रस्त्याखाली जातो. खांबाचा खांब होत नाही, भराव होतो. थॉमस राऊ हे तिथले वास्तुविशारद. वस्तूची ओळख हरवली की तिला कचरा म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ब्रुमेन गावाच्या नगरपालिकेचं कार्यालय बांधलं, २०१३ मध्ये पुरं झालं. गावाला इमारत वीसेक वर्षांपुरतीच हवी होती, म्हणून ती सुटी होईल अशीच रचली. लाकडी तुळया हिशेबानं लागतात त्याहून जाड घेतल्या, कारण पुढच्या इमारतीला जाड तुळई उपयोगी पडते, बारीक नाही. आमच्या सुतारालाही हे पटलं असतं. नंतर २०१९ मध्ये ड्रिबर्गेनला त्यांनी ट्रिओडोस बँकेचं लाकडी कार्यालय उभं केलं. त्यात स्क्रू किती आहेत, तर १,६५,३१२. हा अंदाज नव्हे, मोजणी आहे. इमारतीच्या संगणकीय प्रतिकृतीत, ज्याला इंजिनियर मंडळी बिम म्हणतात, प्रत्येक तुळई, काच आणि स्क्रू कुठे बसला आहे ते नोंदलेलं आहे. चांदणी चौकातला तो पिंजरा आणि हे स्क्रू मी मनात शेजारी शेजारी ठेवतो.

राऊ यांनी या नोंदींसाठी जी व्यवस्था उभारली तिचं नाव मडास्टर. मटेरियल आणि कडास्टर या दोन शब्दांची सांधेजोड, आणि कडास्टर म्हणजे तिकडचं भूमी अभिलेख खातं. म्हणजे सरळ मराठीत, मालाचा सातबारा. हे कळलं तेव्हा मला हा सगळा विषय एकदम घरचा वाटला. सातबारा आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. जमीन कुणाची, किती, त्यात काय पिकतं, इतर हक्कात कुणाचा बोजा. इमारतीच्या सातबाऱ्यावर पीकपाण्याच्या जागी लोखंड इतके टन, वीट इतकी हजार, खिडक्या इतक्या, आणि इतर हक्कात छपराचं ॲस्बेस्टॉस. दुरुस्ती केली, लादी बदलली, की फेरफार. ते रखडणार, हेही गृहीत धरू.

यावर कुणीही म्हणेल की नव्या इमारतीचं ठीक आहे, तिची प्रतिकृती संगणकात असते. मुंबईत पडायला टेकलेली इमारत १९६० किंवा ७० सालची, तिचा कागदही सापडत नाही. मलाही हीच शंका होती, ती फिटली एका अनपेक्षित ठिकाणी, स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला हे ऑडिट करून घ्यावं लागतं. इंजिनियर येतो, काँक्रीटवर हातोडीची चाचणी घेतो, ध्वनिलहरी पाठवतो, सळीवर किती काँक्रीट आहे ते यंत्रानं बघतो, गंज मोजतो, एखाद-दोन ठिकाणी गाभा कापून प्रयोगशाळेत धाडतो. हे सगळं करून निकाल एका अक्षराचा लागतो, सी-वन म्हणजे खाली करा आणि पाडा, सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. रहिवासी त्या अक्षरासाठी भांडतात, आणि बाकीची पानं कपाटात जातात. त्या पानांत इमारतीच्या पोटातल्या मालाची अर्धी यादी आधीच तयार असते! तिला चार रकाने जोडायचे, दारं-खिडक्या-लादी-वायरिंगची मोजदाद, मजल्या-मजल्यावरून लेझर स्कॅनरनं घेतलेलं माप, आणि त्या तोडकामवाल्याची तासाभराची फेरी. बेल्जियममध्ये फ्लँडर्स भागात 'ट्रासिमाट' नावाची व्यवस्था पाडण्याआधी अशीच यादी मागते, आणि यादी असलेल्या मालाला दळणाऱ्याकडे वेगळी वागणूक मिळते. शुद्ध काँक्रीट आहे याचा कागद असेल तर त्याची चांगली खडी होते.

आपल्या प्रमाणसंस्थेनं अशा खडीला दार उघडून आता बरीच वर्षं झाली. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णच्या पूर्ण चालते. तरी ती घेणारे थोडे. इंजिनियरला विचारलं की तो आधी हसतो, मग सांगतो की उद्या तडा गेला तर सही त्याची असते. त्याची भीती खोटी नाही. ढिगातून आलेल्या खडीला आईबाप नसतात. हीच खडी अमक्या इमारतीच्या तमक्या खांबांची, गाभ्याच्या चाचणीत इतकी ताकद निघालेली, असा क्यूआर कोड घेऊन आली, तर त्याच्या सहीला टेकू मिळतो.

१ एप्रिल २०२६ पासून केंद्राचे नवे नियम लागू आहेत. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आता कचऱ्याची वाढीव जबाबदारी आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी आहे, पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यायचं आहे, आणि टप्प्याटप्प्यानं वाढणारी उद्दिष्टं आहेत. मला यात धोका दिसतो तो प्रमाणपत्रांचा. पोर्टल टनांत मोजतं. दळलेला टन आणि जपून उतरवलेला टन त्याला सारखाच. ओशिवऱ्याला गेलेली सागवानी तुळई कुठल्याच प्रमाणपत्रात बसत नाही, कारण ती कधी कचरा झालीच नाही, आणि तिला विकणाऱ्याचं पोर्टलवर खातं नाही. नव्या यंत्रणेनं त्या माणसाला बाजूला सारलं आणि सगळा माल दळणाऱ्या कारखान्याकडे वळवला, तर कागदावर चक्र पूर्ण होईल आणि ज्याच्याकडे खरी नजर आहे तो उपाशी राहील. त्याच्याबरोबर दिवसभर विटा साफ करत बसणाऱ्या बायकाही. २० हजार चौरस मीटरच्या खालच्या इमारतींचं काय, हा आणखी एक प्रश्न. मुंबईतल्या गल्लीबोळांत रोज पडणाऱ्या चार मजली सोसायट्या त्या मापात कुठून येणार?

मोबाइल हातात दिला की माणसं नोंद करतात, हे आपण पाहिलेलं आहे. २०२१ पासून राज्यातला शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीत स्वतःच्या पिकाचा फोटो चढवतो. रेंज नसते, सर्व्हर झोपतो, तो शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, कारण नोंद नसेल तर भरपाई अडते. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही असंच काही अडणारं दिसलं, तर तोही गच्चीवरच्या टाकीचा फोटो काढील.

आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. करारनाम्याचा मसुदा शंभराच्या वर पानांचा. त्यात भाडं आहे, कॉर्पस आहे, पार्किंगचं तर अख्खं प्रकरण आहे, नव्या स्वयंपाकघरातला ओटा कुठल्या दगडाचा तेही आहे. आत्ताच्या इमारतीबद्दल एकच ओळ, राडारोडा विकासक स्वखर्चानं हलवील. सभेत मी यादीचा मुद्दा काढला. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी विचारलं की यादीमुळे चटईक्षेत्र वाढतं का. सेक्रेटरी काका भले, ते म्हणाले, जुना नकाशा बघू या का आधी.

रविवारी आम्ही दोघांनी सोसायटीचं लोखंडी कपाट उघडलं. वर्गणीच्या पावत्या, लिफ्टचे वाद, १९८० सालच्या गणपतीचा जमाखर्च. तळाशी गुंडाळी होती, निळा नकाशा, घड्यांवर पांढरा पडलेला. टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर स्टीलचे पेले ठेवले. खालच्या उजव्या कोपऱ्यात सळ्यांचा तक्ता होता, सुबक हातानं लिहिलेला, खांबाचा क्रमांक, सळीची जाडी, नग. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, मी फोनमध्ये टिपून घेऊ लागलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं नीट लागलं. तिसऱ्यापासून वरचा कागद वाळवीनं खाल्ला होता.